मुख्याध्यापिकेच्या खोलीतलं मराठी

माझी मुलगी अकरा वर्षांची असताना चार मिनिटं महाराणी होती. शाळेच्या वार्षिक संमेलनात तंजावूरच्या वैभवाचा एक देखावा होता, आणि सहावीच्या वर्गात मराठी घरातली ही एकटीच, एवढ्या भांडवलावर वर्गाच्या मिसने तिला सिंहासनावर बसवलं. सिंहासन म्हणजे मुख्याध्यापिकेची खुर्ची, तिच्यावर लाल कापड. मुकुट पुठ्ठ्याचा. संवाद नव्हते. राणीने फक्त बसायचं होतं.

आमच्या घराण्याबद्दल मला खात्रीने माहीत आहे ते इतकंच, की आमचा कुणी पूर्वज राजवाड्यात कागदांच्या नकला करायच्या कामाला होता आणि त्याचं अक्षर बरं नव्हतं. मी कॉलेजात इतिहास शिकवतो, त्यामुळे ते अक्षर पाहण्याची वेळ माझ्यावर आली आहे. पण तंजावूरच्या राजवाड्यामागच्या आमच्या गल्लीत घरटी एक सरदार होऊन गेलेला असतो. सांबाराचा शोध आपल्याच लोकांनी लावला, हे दर लग्नात पंगतीला बसलेलं कुणीतरी सांगतं; समोर वाढलेलं सांबार त्यावर काही बोलत नाही. या सगळ्याची चेष्टा करण्यात माझं अर्धं आयुष्य गेलं. तेव्हा मुलीला राणी करायला माझा विरोध होता. तो मी दोन विनोद करून नोंदवला. बायकोने ते ऐकून घेतले आणि माझ्या आईचं रेशमी लुगडं पेटीतून काढून, दुमडून, टाचण्या लावून तिला नेसवलं.

सोमवारी ती वर्गात शिरली तेव्हा पाच-सहा मुली उभ्या राहिल्या, कमरेत वाकल्या आणि म्हणाल्या, “वांग, महाराणी.” या, महाराणी.

हे तिने मला त्याच संध्याकाळी सांगितलं, मोपेडवर माझ्या मागे बसून. ती तमिळमध्ये बोलत होती. आमच्या घरात आम्ही दोघं मराठी बोलायचो आणि ती तमिळमध्ये उत्तर द्यायची. इकडच्या बहुतेक मराठी घरांत आता असंच चालतं. मुलांना सगळं कळतं, बोलत मात्र नाहीत. इथे तिचं बोलणं मी मराठीत लिहितो आहे.

“अप्पा, त्या मला वाकून नमस्कार करतात.”

“बरं आहे की. मला माझ्या वर्गात कुणी करत नाही.”

“तसा नाही. चिडवायला करतात.”

मी हसलो. मला खरंच मजा वाटली होती. एका पुठ्ठ्याच्या मुकुटाची इतकी नेमकी टवाळी सहावीतल्या मुलींना सुचावी, याचं मला कौतुक वाटलं, हेही इथे कबूल करायला हवं.

“त्यांना सांग,” मी म्हणालो, “राज्य इंग्रजांनी केव्हाच खालसा केलं. महाराणीला आता नुसती पेन्शन मिळते.”

तिने पुढे वाकून विचारलं, “असं म्हणू?”

“म्हण. त्यांची तोंडं बंद होतील.”

दोन दिवसांनी मी तिला विचारलं, सांगितलंस का. सांगितलं, म्हणाली. मग? हसल्या. “बघ,” मी म्हणालो. हा किस्सा मी कॉलेजच्या स्टाफरूममध्ये सांगितला, रविवारी घरी आलेल्या मित्रांना सांगितला. ती तेव्हा कॉफीचे पेले गोळा करत होती. मित्र हसले आणि एक जण तिला म्हणाला, “काय महाराणी, पेन्शन वेळेवर येते ना?” तीही हसली. मला वाटलं, पोरीला विनोद कळतो, बापावर गेली.

पेन्शन वेळेवर येत होती. रोज मधल्या सुट्टीत. पेन्सिलीचा भुसा, चिंचोके, केळ्याची साल, एकदा फळा पुसायचं फडकं पिळून काढलेलं पाणी. त्या मुली ओळीने येत, तिच्या डब्यातल्या दहीभातावर ही पेन्शन ठेवत आणि उलट्या पावलांनी मागे सरत, कारण राणीला पाठ दाखवायची नसते. हे शेवटचं त्या कुठल्यातरी टीव्ही मालिकेतून शिकल्या असाव्यात. पेन्शन मात्र त्यांना मी पुरवली होती.

यातलं तिने मला काही सांगितलं नाही. कशाला सांगेल? पहिल्यांदा सांगितलं तेव्हा काय मिळालं, हे तिने पाहिलं होतं.

बायकोच्या लक्षात आलं ते डब्यामुळे. डबा घरून जाताना असे त्यापेक्षा स्वच्छ होऊन परत येत होता. मुलगी तो शाळेच्या नळावर घासून आणत होती. एके दिवशी झाकणाच्या रबरी कडीत पेन्सिलीच्या सालीचा तांबडा तुकडा अडकलेला बायकोला सापडला. तिने मुलीला स्वयंपाकघरात पाटावर बसवलं आणि विचारलं. मुलीने सगळं सांगितलं, एका सुरात, न रडता, एखाद्या कचेरीत तक्रार लिहून घेणाऱ्या माणसाला सांगावं तसं. दीड महिना तिने शाळेत दुपारचं काही खाल्लं नव्हतं. तिच्या बाकावर कुणी बसत नव्हतं. जी एक मैत्रीण होती, तीही आता ओळीत उभी राहत होती. न राहिली तर पुढची पाळी तिचीच होती.

मी दारात उभा राहून ऐकत होतो. मुलांशी कसं वागावं यावरची दोन पुस्तकं आमच्या घरात होती, आणि दोन्हींच्या पहिल्याच प्रकरणात ‘आधी ऐकून घ्या’ असं लिहिलेलं होतं, हे मला नंतर कळलं. मला पहिली प्रकरणं सोडून द्यायची सवय आहे. त्यांत लेखक बहुधा आभार मानत असतो.

“तुम्ही शाळेत जाऊन बोला,” बायको म्हणाली.

“बोलू की.”

“बोलू की नाही. उद्या.”

उद्या नाही, पण त्या आठवड्यात आम्ही गेलो. मुख्याध्यापिकेच्या खोलीत आम्ही दोघं, टेबलाच्या पलीकडे मुख्याध्यापिका, आणि डावीकडे ज्या मुलीने हे सुरू केलं तिचे आईवडील. आमची मुलगी ढालींच्या कपाटाजवळ एका स्टुलावर, माझ्यापासून तीन हातांवर. त्या दुसऱ्या मुलीला बोलावलेलं नव्हतं. तिच्या वडिलांचं नाव शाळेच्या रंगमंचाखाली संगमरवरात कोरलेलं होतं. दगडावर नाव असलेल्या माणसांवर मी जन्मभर विनोद केले. असा माणूस प्रत्यक्ष शेजारी बसला की मी किती अदबीने बोलतो, हे त्या दिवशी कळलं.

तरी बोललो चांगलं. तमिळमध्ये बोललो, तयारी करून गेलो होतो. मुलांचं मन, शाळेची परंपरा, वगैरे. मुख्याध्यापिका मान डोलावत होत्या. मग त्या म्हणाल्या, “सर, तुम्ही लेखी द्या. लेखी दिलंत तर मला चौकशी करावी लागेल, मुलींना एकेकीला बोलवावं लागेल. त्या मुलीला काही दिवस घरी बसवावंही लागेल.”

दुसऱ्या मुलीच्या आईचे डोळे भरून आले. “माझी मुलगी म्हणते, खेळ होता. तुमची मुलगीही हसायची म्हणे.”

“हसायची का गं तू?” मुख्याध्यापिकेने आमच्या मुलीला विचारलं.

“हसायचे,” ती म्हणाली.

मग बायको माझ्याकडे वळली आणि मराठीत म्हणाली, “काय करायचं?”

इथे आमच्या लोकांची एक रीत सांगायला हवी. या शहरात साडेतीनशे वर्षं राहून आम्हाला आमच्या भाषेचा एक रोजचा उपयोग सापडला आहे. भाजीवाल्यासमोर, डॉक्टरसमोर, बसमध्ये, घर भाड्याने बघायला गेल्यावर मालकासमोर, दुसऱ्याला कळू नये असं काही बोलायचं झालं की आम्ही मराठीत बोलतो. आवाजसुद्धा खाली आणत नाही. दार लावून घेतल्यासारखं वाटतं. माल चांगला आहे असं तमिळमध्ये म्हणायचं आणि लगेच मराठीत, ‘घेऊ नको, कुजका आहे.’ सवय इतकी अंगवळणी पडलेली की दाराच्या आत कोण आहे आणि बाहेर कोण, हे बघायचं आम्ही विसरलो होतो.

मी मराठीत म्हणालो, “सोडून दे. अर्धं हिनेच वाढवून सांगितलं असेल. आधीपासूनच रडूबाई आहे. पुढच्या वर्षी वर्ग बदलेल, यांच्याशी वाकडं कशाला घ्यायचं?”

बायको काही बोलली नाही.

मग मी त्या लोकांकडे वळलो आणि तमिळमध्ये म्हणालो, “आमच्या मुलीच्या शब्दावर आमचा पूर्ण विश्वास आहे. पण दुसऱ्याच्या मुलीचं नुकसान व्हावं असं आम्हाला वाटत नाही. लेखी काही देत नाही.”

संगमरवरातल्या गृहस्थांनी उठून माझा हात हातात घेतला. मुख्याध्यापिका म्हणाल्या, असे पालक सगळ्यांना मिळोत. कॉफी आली. मुलीसाठीही एक पेला आला होता, तो तसाच राहिला. मला आठवतं, परत येताना मी स्वतःवर खूश होतो. प्रसंग नीट हाताळला, कुणाला दुखावलं नाही, असं मी बायकोला जिना उतरताना म्हणालो. तेसुद्धा मराठीतच.

ज्या भाषेत आम्ही तिला रोज उठवत होतो, जेवायला बोलावत होतो, रागवत होतो, त्या भाषेत तिच्यासमोर मी ते बोललो. ती तमिळमध्ये उत्तर देते, म्हणजे तिला मराठी कळत नाही, असं मला वाटत होतं का? नाही. मला काहीच वाटत नव्हतं. त्या खोलीत ती आहे हेच माझ्या लक्षात नव्हतं. आणि आम्ही गेलो होतो ते तिच्यासाठी.

आठवडाभराने मी विचारलं, “आता कसं चाललंय?”

“नीट चाललंय, अप्पा.”

बायकोने विचारलं तेव्हाही नीट चाललं होतं. डबा थोडा भात चिकटलेला असा परत येऊ लागला. गुण चांगले पडत होते. आम्ही तो विषय मिटला असं धरलं, आणि मी तर मनातल्या मनात तो माझ्या यशस्वी कामांत जमा केला. त्या यादीत फार काही नसल्यामुळे त्याला वरची जागा मिळाली.

पुढे बारा वर्षं ती आमच्याशी चांगली वागली. चांगली हाच शब्द आहे. विचारलं तेवढं सांगायची, सणाला यायची, फोनवर तब्येत विचारायची. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी कोइंबतूरच्या हॉस्टेलमध्ये तिला टायफॉइड झाला, तो ती बरी होऊन परीक्षा देऊन आल्यावर आम्हाला तिच्या औषधांच्या पाकिटावरून कळला. बायको म्हणाली, स्वभावच अबोल आहे. मी म्हणालो, स्वतंत्र आहे. पाळण्यातल्या वयापासून अखंड बडबडणारी ही मुलगी अबोल कधी झाली, हा प्रश्न इतिहासाच्या माणसाला सुचायला हरकत नव्हती.

या वर्षी पोंगलच्या सुट्टीत ती घरी आली होती. ती आता कोइंबतूरलाच नोकरी करते. माझा धाकटा भाऊ शेजारच्याच घरात राहतो. त्याची बायको पुण्याकडची, त्यामुळे त्यांची आठ वर्षांची मुलगी मराठी बोलते, आणि खूप बोलते. सुट्टीच्या शेवटच्या दिवशी सगळे आमच्याकडे जेवायला होते आणि ही पोर म्हणाली, “मी शाळेत जाणार नाही.”

“का गं?”

“त्या माझी पाण्याची बाटली घेतात आणि देत नाहीत. मग सगळ्या ती फेकून खेळतात.”

भाऊ म्हणाला, “मग तूही खेळ.” भावजय म्हणाली, नवी बाटली आणू. मला एक वाक्य सुचलं होतं, चांगलं होतं, मी ते म्हणायला तोंडही उघडलं होतं. तेवढ्यात माझी मुलगी पानावरून उठली, हात धुतले आणि त्या पोरीला म्हणाली, “चल.” दोघी मागच्या पायऱ्यांवर गेल्या.

मी पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेलो. खिडकी मागच्या बाजूला उघडते. मुलगी खालच्या पायरीवर बसली होती, पोर वरच्या, त्यामुळे पोरीचं डोकं तिच्यापेक्षा थोडं वर होतं. आणि माझी मुलगी मराठीत बोलत होती. सलग मराठीत मी तिला त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. हेल तमिळचा, एखाद्या शब्दावर अडत होती, पण बोलत होती. खरं तर बोलत कमी होती.

“मग?” ती म्हणायची. “मग ती काय बोलली?” आणि पुन्हा, “मग तुला काय वाटलं?”

एका बाटलीची गोष्ट अर्धा तास चालली. तिने एकदाही म्हटलं नाही की सोडून दे, किंवा तूही फेक, किंवा असं म्हण म्हणजे तोंडं बंद होतील. शेवटी तिने विचारलं, “काय झालं पाहिजे, तू सांग.”

“बाटली घेऊ नये.”

“आणखी?”

“आणि मी सांगितलं म्हणून मिसने सगळ्यांसमोर मला उभं करू नये.”

“बरं. उद्या मी तुझ्याबरोबर येते. आधी आपण दोघीच मिसला भेटू, वर्ग भरायच्या आधी. तू सांगशील तेवढंच मी बोलेन. तू नको म्हटलंस तर गप्प बसेन. पण येईन.”

मग तिने आत येऊन भावाला आणि भावजयीला तसं सांगितलं. भाऊ म्हणाला, बाटलीसाठी एवढं? ती काकाला म्हणाली, “चित्तप्पा, आत्ता बाटलीच आहे.”

संध्याकाळी ती पुढच्या ओट्यावर बसली होती. मी शेजारी बसलो. बायको दारात मुगाची डाळ निवडत होती.

“छान बोललीस पोरीशी,” मी म्हणालो. “कुणी शिकवलं?”

“कुणी नाही. मला काय विचारायला हवं होतं, तेच विचारलं.” आता ती पुन्हा तमिळमध्ये होती.

“तुझं तर मिटलं होतं. आम्ही गेलो होतो की शाळेत.”

तिने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. एखादा माणूस चुकीचा पत्ता सांगतो आहे हे लक्षात आल्यावर आपण बघतो, तसं.

“आठवीपर्यंत चाललं, अप्पा.”

दोन वर्षं. लेखी काही गेलं नाही हे त्या मुलींना चार दिवसांत कळलं होतं. त्यानंतर त्यांना भीती उरली नाही. डब्यात भात ती मुद्दाम ठेवायची, आईने विचारू नये म्हणून. उरलेला कुत्र्याला घालायची. हे सगळं तिने पाच-सहा वाक्यांत सांगितलं.

“आम्हाला का नाही सांगितलंस?”

“सांगितलं होतं की. दोघांनाही.”

मी म्हणालो की आम्ही काही केलं नाही असं नाही, मी त्या खोलीत तिच्या बाजूने बोललो होतो, तिच्या शब्दावर विश्वास आहे असं म्हणालो होतो.

“ते तमिळमध्ये,” ती म्हणाली. आणि मग मराठीत, माझ्या आवाजातली ती जराशी कंटाळलेली लकबसुद्धा उचलून, तिने माझं वाक्य म्हणून दाखवलं. सोडून दे. अर्धं हिनेच वाढवून सांगितलं असेल. आधीपासूनच रडूबाई आहे. एकही शब्द इकडचा तिकडे नव्हता. तोपर्यंत ते वाक्य मला आठवतही नव्हतं. वर जे लिहिलं आहे ते तिच्याकडून ऐकून लिहिलं आहे.

“तसं नव्हतं गं,” मी म्हणालो. “मला तसं वाटत नव्हतं. मला फक्त तिथून निघायचं होतं.”

“असेल. पण तुम्ही दोघं नेहमी खोटं तमिळमध्ये बोलायचा आणि खरं मराठीत. दुकानात, बसमध्ये, सगळीकडे. मी लहान असल्यापासून तेच बघत होते. मग त्या दिवशी मी कुठलं खरं धरायचं?”

मला दर वेळी उत्तर येतं, असा माझा लौकिक आहे.

दारातून बायको म्हणाली, “मी काही बोलले नव्हते तेव्हा.”

“हो,” मुलगी म्हणाली. “तेही आठवतं.”

बायकोने डाळीचं ताट उचललं आणि ती आत गेली. रस्त्यावरून टाऊन बस गेली. समोरच्या घरातल्या बाईंनी मुलीला विचारलं, कधी आलीस, किती दिवस, आणि मुलीने हसून उत्तरं दिली. त्या आत गेल्यावर मी म्हणालो, “चुकलं माझं.” मराठीतच म्हणालो, दुसरं कसं म्हणणार होतो. बारा वर्षांनंतर ते ऐकायला फार लहान वाटलं. आणखी काही जोडावं म्हणून मी शब्द शोधत होतो, पण जे सुचत होतं ते सगळं नीटनेटकं होतं, म्हणून बोललो नाही.

“परवायिल्ल, अप्पा,” ती म्हणाली. असू दे. आमच्याकडे बसमध्ये परक्या माणसाचा पाय आपल्या पायावर पडला आणि तो ओशाळला, की आपण हेच म्हणतो. त्यात खोटं काही नसतं. पुढचा स्टॉप आला की दोघंही विसरतात.

मग ती उठली, शेजारच्या कुंपणाशी जाऊन तिने पोरीला हाक मारली आणि मराठीत विचारलं, “उद्या कुठली बाटली न्यायची? तू ठरव.”